उंदरांचं सासर

आमच्या बाईंच्या उंदरांना भेटायला जायचं तर घरचं भांडण बाहेर ठेवून जावं लागे. चपला बाहेर ठेवतो ना, तसं. बाई दारातच उभ्या असत. अंगावर इरकल साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि कुजबुजत्या आवाजात उलटतपासणी सुरू होई.

"आज कुणाशी भांडलात?"

"नाही बाई."

"बायकोशी?"

"नाही."

"रिक्षावाल्याशी?"

इथं माणूस जरा घुटमळला की संपलं. "जा, कॅन्टीनमध्ये चहा घ्या. डोकं निवलं की या. आत गरोदर बायका आहेत."

त्या गरोदर बायका म्हणजे पांढऱ्याशुभ्र, लाल डोळ्यांच्या उंदरिणी. सोलापूरहून कुंभारीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फार्मसी कॉलेजात मी तेव्हा झाडपाल्याची औषधं शिकवत होतो आणि बाई शेजारच्या विभागाच्या प्रमुख होत्या. सगळं कॉलेज एकमेकांना 'मॅडम-सर' करायचं, पण या बाईंना 'बाई'च म्हणावं लागे. 'मॅडम' म्हटलं की त्या मागं वळून बघत, जणू पाठीमागं दुसरंच कुणी उभं आहे.

बाईंनी उभी हयात एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आई गरोदर असताना तिच्यावर सारखा ताण आला, तर जन्माला येणाऱ्या पिल्लाचं पोट दुखण्याच्या बाबतीत जास्त हळवं होतं का? म्हणजे आतड्यात काहीही बिघाड नाही, सगळं जागच्या जागी, पण दुसऱ्याला जिथं नुसतं गुडगुडल्यासारखं वाटतं तिथं याला कळ येते, असं होतं का? जगभर बऱ्याच ठिकाणी यावर काम झालं होतं आणि उत्तर बहुतेक 'होतं' असंच येत होतं. पण बाईंना ते सोलापुरात, आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आता उंदरांना प्रयोगाबाहेरचा ताण नको असेल तर खोलीभोवती शांतता हवी. म्हणून बाईंनी आवाजाशी वैर धरलं. त्या कधीच मोठ्यानं बोलत नसत. रागवायच्यासुद्धा कुजबुजत, आणि ते फार भयंकर असे. चारचौघांत कुणी ओरडलं तर आपणही ओरडू शकतो, पण कुणी कानाशी येऊन अगदी हळू आवाजात "तुम्हाला लाज वाटत नाही का?" असं विचारलं तर माणूस करणार काय? एकदा खुद्द प्राचार्यांना त्यांनी दारातून परत पाठवलं. "सकाळी ड्रायव्हरवर खेकसलात. मला ग्रंथालयात ऐकू आलं." प्राचार्य गेले बिचारे चहा प्यायला.

मला तर त्या खोलीत कायमचीच बंदी होती. माझा दोष एवढाच की देवानं मला नाटकातला आवाज दिला. मी 'नमस्कार' म्हटलं तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. बाईंनी पहिल्याच दिवशी माझा 'नमस्कार' ऐकला, डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही खिडकीतून बघत जा. खिडकी बंद करून."

हल्ली बाई निवृत्त होऊन अक्कलकोटला भावाकडं राहतात. फोनवर अजून कुजबुजतातच. मी म्हणतो, "बाई, तुमचा आवाज येत नाही." त्या म्हणतात, "तुमचा येतोय तेवढा दोघांना पुरे."

एका लग्नसराईत काय झालं ते सांगतो. कॉलेजसमोरच्या रस्त्यानं वरात चालली होती. पुढं डीजे, मागं घोडीवर नवरदेव, मधे नाचणारी अर्धी आळी. खिडक्यांची तावदानं थरथरू लागली. मी व्हरांड्यातून बघतो तर काय, बाई आपले पांढरे बूट सटासट टाकत थेट रस्त्यावर! डीजेच्या गाडीपुढं हात आडवे करून उभ्या राहिल्या. गाणं बंद पडलं. नवरदेवाचे मामा तणतणत पुढं आले.

"काय ओ बाई, आज लग्न हाय आमचं!"

"तुमचं लग्न आहे, आमच्या आत गरोदर बायका आहेत. दिवस भरत आलेत सगळ्यांचे."

मामांचा चेहराच बदलला. फेटा सावरत, आवाज खाली आणून विचारतात, "किती जणी हायत?"

"चोवीस."

"अगं आई गं!" वरातीतल्या एक आजी पुढं आल्या आणि त्यांनी आमच्या इमारतीकडं बघून हात जोडले. मग ती सगळी वरात, घोडीसकट, अक्षरशः चवड्यांवर चालत कॉलेजसमोरून गेली. दुसऱ्या दिवशी त्या मामांनी पेढ्यांचा पुडा पाठवला, 'बाळंतिणींसाठी' म्हणून. मी म्हटलं, "बाई, त्यांना वाटलं हा दवाखाना आहे." बाई म्हणाल्या, "मी खोटं काय बोलले, ते सांगा." आणि पेढा तोंडात टाकला.

नवी पेठेतही त्यांची एक ठरलेली फेरी असे. उंदरिणींना घरटं करायला मऊ कापड लागतं, ते घ्यायला. दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे उलगडत बसे, कारण बाई प्रत्येक कापड गालावर घासून बघत. "बाळासाठी का बाई?" "बाळांसाठी. शेदीडशे होतील." दुकानदार हातातलं कापड तसंच धरून राहिला होता, हे मी स्वतः पाहिलंय. पिशवी धरायला मीच गेलो होतो.

माझं आणि त्यांचं सूत जुळलं ते मात्र माझ्या पोटामुळं. लहानपणापासून माझं पोट हे एक वेगळंच पात्र आहे. परीक्षा, मुलाखत, नाटकाची तिसरी घंटा, काहीही असो, आधी पोटात अशी कळ येते की डोळ्यांपुढं काजवे. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणत, सगळं नॉर्मल. घरचे म्हणत, नाटकी आहे. नाटकी तर मी आहेच, त्यामुळं मलाही ते पटलं होतं.

एकदा गॅदरिंगच्या आधी मी विंगेत पोट धरून बसलेला बाईंना दिसलो. त्या शेजारी येऊन बसल्या.

"दुखतंय?"

"नाटकं आहेत बाई, जातील."

"दुखतंय म्हणजे दुखतंय. फोटोत दिसत नाही म्हणून खोटं होत नाही." असं मला त्याआधी कुणी म्हटलंच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आईला विचारा एकदा, तुम्ही पोटात होतात तेव्हा घरात काय चाललं होतं."

मी घरी जाऊन विचारलं. आई भाजी निवडत होती. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "काय चालायचंय? तुझी मोठी आत्या राहायला होती आपल्याकडं. तू होईपर्यंत."

आत्याला जे ओळखतात त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की आत्या घरात असली की घड्याळसुद्धा दबकून चाले. मी हसत सुटलो. आई मात्र हसली नाही. भाजी खाली ठेवून म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळं झालं होय रे हे तुझं?"

मी बाईंना सांगितलं, आणि त्या त्याच संध्याकाळी आमच्या घरी हजर. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, एका माणसावरून काहीही ठरत नाही. हा उंदीरही नाही. पण ठरवायचंच असेल तर दोष आईचा नसतो, ताण देणाऱ्याचा असतो. तुमचा नाही. आत्याबाईंचा." आई त्यानंतर कितीतरी दिवस फार आनंदात होती. तिला इतक्या वर्षांनी शास्त्राचा पाठिंबा मिळाला होता.

तर आता मुख्य गोष्ट.

बाईंच्या हाताखाली पल्लवी नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. टेंभुर्णीची, शेतकऱ्याची लेक, हुशार आणि अबोल. बाईंचाच प्रश्न तिनं घेतला होता. गरोदर उंदरिणींचे दोन गट. एका गटाला काही करायचं नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकीला शेवटच्या आठवड्यात रोज थोडा वेळ एका पारदर्शक नळीत ठेवायचं. इजा काही नाही, पण वळता येत नाही, हलता येत नाही. तोच ताण. पुढं पिल्लं मोठी झाली की त्यांच्या आतड्यात एक इवलासा फुगा हळूहळू फुगवायचा आणि किती फुगवल्यावर पोट आक्रसतं ते बघायचं. ताण घेतलेल्या आयांची पिल्लं लवकर आक्रसली, तर सिद्ध झालं.

कागदावर या गटांची नावं 'एक' आणि 'दोन'. पण खोलीत उजव्या भिंतीशी पहिल्या गटाचे पिंजरे आणि डाव्या भिंतीशी दुसऱ्या गटाचे. कुणी नावं पाडली देव जाणे, पण बघता बघता उजवी भिंत झाली 'माहेर' आणि डावी झाली 'सासर'. पिंजरे साफ करणारा यल्लप्पा सकाळी सांगायचा, "माहेरच्या सगळ्या झोपल्यात, सासरच्या जाग्या हायत." ऑफिसातल्या शालिनीताई जेवणाच्या सुट्टीत विचारायच्या, "आज सासरी काय म्हणतायत?" बाईंनीही हरकत घेतली नाही. घोटाळा तिथंच झाला, पण तेव्हा कुणाला कळलं नाही.

पिल्लं जन्मली, मोठी झाली. पल्लवीनं फुगे फुगवले. आणि निकाल काय? दोन्हीकडची पिल्लं सारखीच. सासरचीही तेवढीच, माहेरचीही तेवढीच. तिळाएवढा फरक नाही.

पल्लवीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. वर्षभराचं काम पाण्यात गेलं होतं, आणि त्यात काम तपासायला बाहेरून समिती आली. मुख्य परीक्षक म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ. प्राचार्यांच्या खोलीत सगळ्यांना बोलावणं झालं. मीही गेलो, कारण अशा प्रसंगी मी कुठंही जातोच.

परीक्षकांनी कागद खाली ठेवले. "मुली, हे असं येणं अवघड आहे. एकतर पिंजऱ्यांची अदलाबदल झालीय, नाहीतर या उंदरिणींना नळीत ठेवलंच नाहीय."

याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना कळला. पल्लवी एकतर गबाळी आहे, नाहीतर खोटारडी. दोन्हीपैकी काहीही असलं तरी नोंदणी रद्द. पल्लवीचा चेहरा पांढराफटक पडला. "पिंजरं बदललं न्हाईत ओ सर," ती म्हणाली, आणि तिची शहरी भाषा कुठल्या कुठं गेली. "आन रोज नळीत ठेवलंय मी. माझ्या हातानं."

प्राचार्यांनी लगेच यल्लप्पाकडं बघितलं. यल्लप्पानं लगेच जमिनीकडं बघितलं.

आणि बाई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा खरा आवाज मी ऐकला. खणखणीत होता हो!

"तिची चूक नाही. चूक माझी आहे. नळीतून बाहेर काढल्यावर सासरच्या प्रत्येकीला मी पोटाशी धरून बसत होते. रोज. पल्लवी हात धुवायला गेली की."

यल्लप्पानं मान वर केली.

"का?" परीक्षकांनी विचारलं.

"बघवत नव्हतं," बाई म्हणाल्या.

परीक्षक पुढं झुकले. चष्म्यामागचे त्यांचे डोळे मोठे झाले. "नुसतं धरून बसत होता, की काही बोलतही होता?"

बाईंनी साडीचा पदर सारखा केला. "बोलत होते."

"काय?"

"ते कशाला?"

"बाई, प्रयोग आहे. जे झालं ते सगळं कळायला हवं."

मग त्या विभागप्रमुख बाईंनी, प्राचार्यांना चहा प्यायला पाठवणाऱ्या बाईंनी, भर समितीपुढं दोन्ही हातांची ओंजळ केली, ती पोटाशी धरली आणि आपल्या माहेरच्या कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, "अळबेड तंगी, मुगीतु, मुगीतु." रडू नको गं बहिणी, संपलं, संपलं.

परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "कन्नडमध्येच?"

"त्यांना मराठी येत नाही," बाई म्हणाल्या. हा विनोद होता की काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून यल्लप्पा म्हणाला, "सर, मी बी."

"तू बी काय?"

"शेंगदाने टाकत होतो. सासरच्यांनाच. एकेक, जास्त न्हाई. गरीब हायत की ओ."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. दारात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या शालिनीताई तिथंच थबकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी फक्त पाठीवरून हात फिरवायचे. दुपारी. पण नाव घेऊन."

"त्यांना नावं पण आहेत?" परीक्षक म्हणाले.

"नसतात होय?"

आता सगळे पल्लवीकडं बघायला लागले. तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. "मी नियमाप्रमाणं रोज ठेवत होते," ती म्हणाली. "पण नळी गार लागते ओ त्यास्नी. म्हणून आधी हातात धरून गरम करायची."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे त्या खोलीत ताण घेतला कुणी?"

"उंदरांना सोडून सगळ्यांनी," मी म्हणालो. माझ्या आवाजानं ट्रेमधले कप किणकिणले. मी एकटाच निर्दोष होतो, कारण मला आत जायला बंदी होती. ही गोष्ट मी त्यानंतर बऱ्याच जणांना ऐकवली आहे.

ते गृहस्थ हसले. आधी गालातल्या गालात, मग चांगले पोट धरून. पण हसून झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते कडक होतं. मुदतवाढीची शिफारस ते करतील. काम पुन्हा, पहिल्यापासून. प्रबंधात सगळं खरं लिहायचं, शेंगदाण्यासकट. सासर-माहेर बंद, गट एक आणि गट दोन. आणि खोलीत पल्लवीशिवाय कुणीही जायचं नाही. "बाई, कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा. या वेळी दया दाखवलीत तर हिची पीएच.डी. गेली."

बाईंनी कनवटीची किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत पल्लवीच्या हातात दिली. "मी मागितली तरी द्यायची नाही. मी रागावले तरी नाही."

"व्हय बाई."

त्यानंतरचे काही महिने मी विसरणार नाही. नव्या उंदरिणी आल्या, दिवस राहिले, शेवटचा आठवडा सुरू झाला. पल्लवी नळ्या घेऊन आत जाई, दार लावून घेई, आणि बाई दाराबाहेर स्टुलावर बसत. हात मांडीवर, एकावर एक, अगदी घट्ट. यल्लप्पा व्हरांड्यात येरझारा घाली. शालिनीताई पोथी आणून बसत, पण पान उलटलेलं मी पाहिलं नाही. बाळंतपणाच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात, तसा आमचा सगळा विभाग. एके दिवशी बाई न राहवून म्हणाल्या, "पल्लवी, नळी गार आहे का?" आतून आवाज आला, "हाय बाई." बाईंनी मान खाली घातली. किल्ली मात्र मागितली नाही.

पिल्लं मोठी झाली. फुग्यांचे दिवस आले. पुन्हा आधीच्यासारखाच निकाल आला तर काय, या धास्तीनं कॉलेजात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. माझं पोट तर आधीपासूनच दुखत होतं.

शेवटच्या दिवशी ती बाहेर आली. हातमोजे तसेच हातात.

"आला फरक," ती म्हणाली. "स्पष्ट आला. गट दोनची पिल्लं लवकर आक्रसतात."

मी गर्जना केली. होय, गर्जनाच! व्हरांड्यातली कबुतरं उडाली. यल्लप्पानं मला मिठी मारली, शालिनीताई पेढे आणायला पळाल्या, प्राचार्य धावत आले. पल्लवी बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिला उठवलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "झालीस डॉक्टर. वडलांना फोन कर आधी."

आणि मग, पुन्हा त्या जुन्या कुजबुजत्या आवाजात, "म्हणजे दुखलं त्यांना."

"व्हय बाई."

"आपण म्हणत होतो तसंच."

"व्हय."

आपण इतके दिवस ज्याच्यासाठी नवस बोलत होतो ते नेमकं काय होतं, हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "प्रयोग संपला ना?"

"संपला."

"सगळी मोजमापं झाली? काही राहिलं नाही?"

"न्हाई बाई. सगळं झालं."

"मग दे किल्ली."

पल्लवीनं किल्ली दिली. बाई आत गेल्या, दार लोटलं.

पेढे आले, चहा आला, प्राचार्यांचं छोटंसं भाषणही झालं, पण बाईंचा पत्ता नाही. शेवटी मी एक पेढा घेतला, दाराशी गेलो आणि जन्मात जमला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणालो, "बाई, येताय ना? सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

आतून कन्नड थांबलं.

"थांबू द्या," बाई म्हणाल्या. "अजून निम्म्याच झाल्यात."